चिठ्ठी आधी, रुग्ण मागून

वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही कारखान्याच्या फाटकातून माल बाहेर पडतो तेव्हा त्यासोबत चलन असते. माल काय, नग किती, गाडी कुठली, निघाली किती वाजता, हे सारे त्यावर लिहिलेले असते. माल जिथे उतरतो तिथला माणूस नग मोजतो, चलनावर सही-शिक्का करतो आणि एक प्रत पोच म्हणून परत पाठवतो. १ ऑगस्ट १९६२ रोजी याच वसाहतीत मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एमआयडीसीची सुरुवात झाली. तेव्हापासून हा शिरस्ता इथल्या हमालापासून मॅनेजरपर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. त्याच कारखान्यातला कामगार आजारी पडून एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातो तेव्हा मात्र त्याच्याबरोबर बहुतेक वेळा एक चिठ्ठी जाते, आणि तिच्यावरचे ठरलेले वाक्य असते: ‘रेफर्ड टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट’. म्हणजे पुढच्या उपचारासाठी पुढे पाठवले. मागे काय झाले, कधी झाले, काय अर्धवट राहिले, हे घाईच्या अक्षरात दोन ओळींत, किंवा नातेवाइकाच्या तोंडी. चिठ्ठी मिळाल्याची पोच तर कोणीच देत नाही.

रुग्णाची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या क्षणाला रुग्णालयात हँडओव्हर म्हणतात. वॉर्डाच्या बोलीत सिस्टर नुसते ‘ओव्हर दिली, ओव्हर घेतली’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय सुचवले, त्यांत या क्षणी नीट बोलणे-लिहिणे हा एक स्वतंत्र उपाय होता. संगणकावरची आरोग्यनोंद हा क्षण सुरक्षित करू शकते, हे या प्रकरणाचे म्हणणे आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती सोपी वाटत असली तरी बहुतेक सरकारी योजनांमध्ये तिचाच विसर पडतो: नोंद रुग्णाच्या आधी पोहोचली पाहिजे. त्याच्या सोबत किंवा तो दाखल झाल्यावर आलेली नोंद उशिराची असते.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात हे हस्तांतर किती वेळा होते ते पाहण्यासारखे आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) येतो. तो आधी ईएसआयच्या दवाखान्यात किंवा पॅनेलच्या डॉक्टरकडे जातो, तिथून वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयात, आणि तिथे नसलेली शस्त्रक्रिया हवी असेल तर करार केलेल्या खासगी रुग्णालयात. बरा झाला की औषधे घ्यायला पुन्हा दवाखान्यात. विमा नसलेल्यांची वाट याहून लांब असते. कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, तिथून कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तिथेही जमले नाही तर शीव, केईएम किंवा जेजे. प्रत्येक ठिकाणी वेगळा केसपेपर, वेगळा नंबर. वर प्रत्येक इमारतीच्या आत दिवसाला तीन ड्युट्या बदलतात, त्या धरल्या तर चार-पाच दिवसांच्या आजारात एका माणसाची माहिती वीसेक वेळा हात बदलते.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या या ५०० खाटांच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले आणि साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे वळले. त्यांतले अनेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत, इतर ठिकाणांहून आले होते, असे प्रशासनाने तेव्हा सांगितले. जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीसाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलल्यामुळे कळव्यावरचा भार वाढल्याचीही चर्चा झाली. हे मृत्यू माहिती न पोहोचल्यामुळे झाले असे म्हणण्याला कसलाही आधार नाही, आणि संगणक बसवला असता तर ते टळले असते असे म्हणणे तर उथळपणाचे होईल. खाटा, डॉक्टर आणि सिस्टर यांची उणीव सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. त्या घटनेतून एवढेच ठळक झाले की या पट्ट्यातले शेवटचे सार्वजनिक रुग्णालय दुसऱ्यांनी पाठवलेल्या, अर्ध्यावाटेवरच्या रुग्णांवर चालते. अशा ठिकाणी ‘मागे काय झाले’ हे कळायला लागणारी पहिली पंधरा-वीस मिनिटे उपचारातूनच वजा होतात.

माहिती तोंडी किती टिकते, याचा एक इंग्लंडमधला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा काल्पनिक रुग्णांची माहिती एका डॉक्टरने दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशा पाच फेऱ्या. नुसते तोंडी सांगितले तेव्हा पाचव्या फेरीअखेर मूळ माहितीतली २.५ टक्के उरली. ऐकताना टिपून घेतले तेव्हा ८५.५ टक्के, आणि छापील पत्रक हाती असेल तेव्हा ९९ टक्के. आपल्या वॉर्डात तीन ड्युट्या असतात, म्हणजे पाच फेऱ्या दोन दिवसांच्या आतच पुऱ्या होतात. हा प्रयोग नाटुकल्यासारखा होता, खऱ्या वॉर्डातले सिस्टर-डॉक्टर रुग्णाला डोळ्यांनी पाहतात, त्यामुळे प्रत्यक्षातली गळती इतकी नसेल. तरीही दिशा उघड आहे. खऱ्या रुग्णांवरचा पुरावाही आहे. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात रात्री दुसऱ्याचे रुग्ण सांभाळणाऱ्या डॉक्टरच्या हातून टाळता येण्याजोगा अपाय होण्याची शक्यता बरीच जास्त असल्याचे १९९० च्या दशकात दिसले होते. तिथे संगणकातून निघणारे हस्तांतर-पत्रक सुरू केल्यावर ती जादा जोखीम बहुतांशी ओसरली, असे १९९८ च्या अहवालात नोंदले आहे. सिअ‍ॅटलमध्ये २००५ मध्ये अशाच पद्धतीने सकाळच्या फेरीत नजरेतून सुटणाऱ्या रुग्णांची संख्या निम्म्यावर आली. ‘नजरेतून सुटणे’ हा शब्दप्रयोग इथे शब्दशः घ्यायचा: माणूस खाटेवर आहे, पण कोणाच्याच यादीत नाही.

आता एक बाब जरा जवळून पाहू. गरोदरपणात रक्तदाब चढलेली, झटके येण्याच्या बेतात असलेली बाई शहापूर-मुरबाडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. तिला मॅग्नेशियम सल्फेट, वॉर्डाच्या भाषेत मॅगसल्फ, देतात. हे औषध जीव वाचवते, पण त्याची मात्रा आणि वेळ सांभाळावी लागते. प्रचलित पद्धतीत पहिली पूर्ण मात्रा १४ ग्रॅमची: ४ ग्रॅम शिरेतून आणि १० ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांच्या स्नायूंत. पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम. लहान केंद्रात बहुधा फक्त स्नायूतली इंजेक्शने देऊन पुढे पाठवतात. पुढच्या प्रत्येक मात्रेआधी श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी नाही ना, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो ना, लघवी पुरेशी होते ना, हे तपासावे लागते. कारण औषध जास्त झाले तर आधी गुडघा थंडावतो आणि मग श्वास. अशी बाई रात्री अडीच वाजता मोठ्या रुग्णालयात पोहोचते. चिठ्ठीवर ‘मॅगसल्फ दिले’ एवढेच आहे. किती? १० की १४? अकरा वाजता की दीड वाजता? नवऱ्याला विचारले तर तो म्हणतो, दोन इंजेक्शने दिली. ड्युटीवरच्या डॉक्टरपुढे दोन वाईट पर्याय उरतात: पुन्हा पहिली मात्रा द्यावी आणि श्वासाची जोखीम घ्यावी, किंवा थांबावे आणि झटक्याची जोखीम घ्यावी. औषध, मात्रा, मार्ग, वेळ, गुडघा, श्वास, लघवी: सात रकाने. हे सात रकाने बाई शिळफाट्याच्या वाहतुकीत अडकलेली असतानाच कळव्याच्या पडद्यावर दिसले असते, तर डॉक्टरला निवड करावीच लागली नसती.

संगणकाचा फायदा इथे नेमका कुठे आहे? सुवाच्य अक्षर हा त्यातला सर्वांत छोटा फायदा. मोठा फायदा असा की संगणक रकाना रिकामा सोडू देत नाही. वेळ लिहिल्याशिवाय मात्रा नोंदली जात नाही. शेजारच्या खाटांवर दोन म्हात्रे किंवा दोन भोईर असले, आणि ठाण्यात ते असतातच, तर नंबर आणि जन्मतारीख दोघांना वेगळे ठेवते. आणि तिसरे, कारखान्याच्या चलनात जे असते आणि चिठ्ठीत जे नसते ते इथे येते: घेणाऱ्याने उघडले, वाचले, स्वीकारले, याची वेळेसह पोच. पाठवणाऱ्याची जबाबदारी कुठे संपली आणि घेणाऱ्याची कुठे सुरू झाली, याची रेघ आज कुठेच काढलेली नसते. मधल्या काळात रुग्ण कोणाचाच नसतो.

इतके सांगून थांबलो तर हे प्रकरण एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या माहितीपत्रकासारखे होईल. म्हणून पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाची हकीकत सांगायला हवी. या विषयावर लिहिणाऱ्याने ती टाळणे अप्रामाणिकपणाचे आहे. तिथे २००२ च्या ऑक्टोबरात डॉक्टरांच्या सर्व सूचना संगणकातून देण्याची पद्धत काही दिवसांत सर्वत्र लागू केली. दुसऱ्या रुग्णालयांतून पाठवलेल्या १,९४२ मुलांच्या नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा आधी २.८० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ६.५७ टक्क्यांवर गेलेले दिसले. हा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कारणांचा शोध घेताना जे पुढे आले ते आपल्या मुद्द्याच्या गाभ्याचे आहे. पूर्वी मूल रुग्णवाहिकेत असतानाच इकडचे डॉक्टर औषधांच्या सूचना लिहून ठेवत, औषधे तयार राहत. नव्या यंत्रणेत मूल प्रत्यक्ष येऊन त्याची नोंदणी होईपर्यंत पडद्यावर काहीच लिहिता येत नव्हते. भरीला एकेका सूचनेसाठी अनेक क्लिक, आणि सिस्टर खाटेऐवजी संगणकापाशी. म्हणजे कागदावर जे रुग्णाच्या आधी घडत होते ते संगणकाने रुग्णाच्या नंतर नेऊन ठेवले. सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयाने तशीच यंत्रणा अधिक तयारीनिशी आणली, तिथे मृत्यू वाढले नाहीत. स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयात २०१० च्या अहवालानुसार ते सुमारे २० टक्क्यांनी घटले. सारांश, यंत्र तेच, पण नोंदणीची खिडकी कुठे ठेवली यावर सारे फिरले. आपल्याकडे ‘आधी केसपेपर काढून आणा’ हे वाक्य ऐकून ज्यांनी तातडीच्या विभागाबाहेर रांग लावली आहे, त्यांना पिट्सबर्ग लांबचे वाटू नये.

या कसोटीवर आयुष्मान भारत डिजिटल मिशन तपासून पाहू. २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर सुरू आहे. प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक, वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या नोंदी त्याला जोडलेल्या, आणि रुग्णाने मोबाइलवर संमती दिली की नवा डॉक्टर त्या मागवू शकतो. विचार उत्तम आहे. जुन्या मधुमेहाच्या रुग्णाला, डोंबिवलीहून नाशिकला बिऱ्हाड हलवणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. पण ही व्यवस्था नोंद मागवण्याची आहे, पाठवण्याची नाही. डॉक्टरने मागायचे, रुग्णाने संमती द्यायची, मग नोंद यायची. बेशुद्ध माणसाचा मोबाइल मेव्हण्याच्या खिशात, आणि मेव्हणा लोकलमध्ये. हस्तांतराच्या क्षणी उलटी दिशा हवी: पाठवणाऱ्याने स्वतःहून, न मागता, ठरावीक घेणाऱ्याला ठरावीक सात-आठ गोष्टी कळवायच्या. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका आल्या, त्यांत डॉक्टर असतो. म्हणजे वाटेतली स्थितीही कळवू शकणारा माणूस गाडीतच आहे. हृदयविकारासाठी ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्पात लहान केंद्रातला ईसीजी ऑनलाइन पुढे जातो आणि तज्ज्ञाचा निर्वाळा परत येतो. एका आजारासाठी जे जमते ते इतरांसाठीही जमावे. खरे तर डॉक्टरांनी यावर आपला तोडगा केव्हाच काढला आहे: रिपोर्टचे फोटो ते एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही, गरज खरी आहे म्हणून ते करतात. फक्त तो फोटो एका डॉक्टरच्या खासगी फोनमध्ये पडून राहतो, आणि त्याची ड्युटी संपली की फोनही घरी जातो.

पहिला आक्षेप वेळेचा. ज्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला एका रुग्णामागे तीन-चार मिनिटे मिळतात तिथे टायपिंग कोण करणार? बाह्यरुग्ण विभागापुरता आक्षेप रास्त आहे. तिथे डॉक्टरला टंकलेखक बनवणे ही चूकच. पण हस्तांतर दिवसातून मोजक्या वेळा होते. अमेरिका-कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत १०,७४० दाखल रुग्णांवर ‘आय-पास’ नावाची ठरीव पद्धत तपासली गेली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले, आणि हस्तांतराला लागणारा वेळ लक्षणीय वाढला नाही. या पद्धतीतला एक बारकावा उचलण्याजोगा आहे: छापील पत्रक असतेच, पण घेणाऱ्याने शेवटी आपल्या शब्दांत परत सांगायचे असते. यंत्र बोलणे वाचवण्यासाठी नाही. पत्रकामुळे बोलणे मुद्द्यावर येते, एवढेच.

दुसरा आक्षेप यंत्रणा बंद पडण्याचा, आणि तो हवेतला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातले सर्वांत नावाजलेले रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर चालले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक वर्षे चालू असलेली संगणकीय नोंदणी कंत्राट संपल्यावर बंद झाली आणि जेजेसारख्या ठिकाणी पुन्हा हाताने केसपेपर लिहिणे आले. जुन्या नोंदी यंत्रात, नवे रुग्ण कागदावर. माझ्या मते हा दुसरा प्रकार हल्ल्यापेक्षा अधिक लाजिरवाणा. हल्ला दुसरा कोणी करतो, कंत्राटाची तारीख मात्र आपल्याच फायलीत असते. यावर उपाय दोन. हस्तांतराचे पान नेहमी छापून रुग्णाच्या हातीही द्यायचे, म्हणजे वीज गेली तरी ते उरते. आणि नोंदी केंद्राने २०१३ मध्ये ठरवलेल्या व २०१६ मध्ये सुधारलेल्या मानकांनुसार ठेवायच्या, म्हणजे कंत्राटदार बदलला तरी नोंदी त्याच्याबरोबर जाणार नाहीत.

तिसरा आक्षेप गुप्ततेचा. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, क्षयरोग: कारखान्यात कळले तर नोकरीवर येऊ शकते, चाळीत कळले तर सोयरिकीवर. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने चौकट दिली आहे, पण कायदा कागदावर आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, हे चित्र अनोळखी नाही. तरीही तुलना कशाशी करतो ते पाहावे. आजचा केसपेपर गादीखाली असतो, तो वॉर्डबॉयपासून भेटायला आलेल्या शेजाऱ्यापर्यंत कोणीही चाळतो आणि कोणी चाळला याची नोंद राहत नाही. संगणकात ती राहते. शिवाय हस्तांतराच्या पानावर सारा इतिहास लागतच नाही. पुढच्या बारा तासांना लागणारे तेवढेच लागते.

खरा आक्षेप मात्र कोणी उघड बोलत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्यापासून लिहिलेली प्रत्येक वेळ पुढे कोर्टात उभी राहील, ही धास्ती डॉक्टरांना आहे. अकरा वाजता पाठवतो असे ठरले आणि रुग्ण दीडला निघाला, तर मधल्या अडीच तासांचा जाब कोण देणार? ‘पाठवले’ एवढेच लिहिलेले बरे. खाट नाही म्हणून फोनवर नकार देणाऱ्यालाही हीच सोय हवी असते. ही भीती खोटी नाही, पण ती अपुऱ्या नोंदीने कमी होत नाही. नोंद नसेल तर कोर्ट डॉक्टरच्या आठवणीवर विश्वास ठेवत नाही. नकाराची वेळ आणि कारण नोंदले गेले, तर खाटा नसल्याचा दोष त्या रात्रीच्या निवासी डॉक्टरवरून खाटा न वाढवणाऱ्या प्रशासनाकडे सरकतो. त्यामुळे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका, जिल्हा रुग्णालय, ईएसआय यांनी मोठाल्या निविदांची वाट न पाहता आपसात पाठवण्याच्या रुग्णांसाठी एका पानाची सामाईक नोंद आणि तिची सक्तीची पोच एवढ्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

तोवर वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे. रुग्णाला त्याच्या कागदपत्रांच्या प्रती मिळाल्याच पाहिजेत असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले, आणि मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. पण रुग्णाला हलवताना ७२ तास नसतात. म्हणून गाडी सुटण्याआधी तिथल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना विनंती करा: शेवटचे औषध कोणते, किती आणि किती वाजता दिले, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आणि पुढे कोणत्या डॉक्टरांशी बोलणे झाले आहे, एवढे लिहून द्या. त्या कागदाचा फोटो काढून ठेवा आणि तो पुढच्या रुग्णालयात रुग्ण पोहोचण्याआधी पाठवण्याची सोय आहे का, ते तिथेच विचारा.